आर्क द त्रिओंफवरची पंखवाली बाई आणि गुडघे टेकलेलं शहर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "पॅरिसची विजयाची कमान पाहून आलो. तिच्या चार पायांवर चार प्रचंड शिल्पसमूह आहेत. एकात पंख असलेली बाई तोंड वासून ओरडते आहे, ती कोण? दुसऱ्यात नेपोलियनने अंगाला चादर का गुंडाळली आहे आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून बसलेली बाई जोसेफिन का? आणि मागच्या बाजूला मेलेलं मूल घेतलेली आई आहे. साम्राज्याच्या विजयाचं स्मारक असेल तर तिथे मेलेलं मूल कशाला?"

शेवटचा प्रश्न सगळ्यांत चांगला आहे, पण त्याच्याकडे सरळ जाता येत नाही. आधी बाकीच्यांची ओळख करून घेऊ. मी गेली पस्तीस वर्षं मातीत हात घालून पुतळे करतो, त्यामुळे इतिहासकारासारखं नाही, शिल्पकारासारखं सांगणार.

जोसेफिन, म्हणजे नेपोलियनची पहिली बायको, नव्हे. ती बाई म्हणजे एक शहर आहे.

तिच्या डोक्याकडे पुन्हा बघा. फोटो मोठा केलात तर मुकुटाला बुरुज दिसतील. तो तटबंदीचा मुकुट. ग्रीक आणि रोमन काळापासून शहराची मूर्ती घडवायची तर बाई घडवायची आणि तिच्या डोक्यावर कोट चढवायचा, अशी रीत आहे. आपण देवळात मूर्ती ओळखतो कशी? चेहऱ्यावरून नाही. शंख-चक्र दिसलं की विष्णू, उंदीर दिसला की गणपती. हातात काय, डोक्यावर काय, पायाशी काय, एवढं वाचलं की नाव सापडतं. युरोपातल्या स्मारकांचंही हेच. बुरुजांचा मुकुट म्हणजे शहर, आणि गुडघे टेकले असतील तर जिंकलेलं शहर. या शिल्पाचं नाव 'विजय 1810'. ऑक्टोबर 1809 मध्ये ऑस्ट्रियाने शोनब्रुनचा तह करून नांगी टाकली, त्याचा हा गौरव. तेव्हा ते शहर व्हिएन्ना समजायला हरकत नाही. गंमत अशी की एप्रिल 1810 मध्ये नेपोलियनने त्याच ऑस्ट्रियाच्या बादशहाची मुलगी मारी-लुईझ हिच्याशी लग्न केलं. म्हणजे एकीकडे शहर गुडघ्यावर आणि दुसरीकडे त्याच घराण्याची लेक मांडवात.

बाकीची मंडळी अशी: नेपोलियनला लॉरेलच्या पानांची माळ घालते आहे ती विजयदेवता. कर्णा फुंकते ती कीर्ती. पाटीवर लिहिते आहे तो इतिहास, म्हणजे तीही बाईच. आता विजय बाई, कीर्ती बाई, इतिहास बाई, शहर बाई, हे असं का? एक साधं कारण भाषेचं आहे. लॅटिनमध्ये आणि फ्रेंचमध्ये हे सगळे शब्द स्त्रीलिंगी. मराठीत विजय पुल्लिंगी, इतिहास पुल्लिंगी, स्वातंत्र्य तर नपुंसकलिंगी. आपल्याकडे कुणी 'विजय' घडवायला घेतला असता तर मिशीवाला झाला असता. तरी राजलक्ष्मी आणि विजयश्री माळ घेऊन आपल्याकडेही येतातच, त्यामुळे फार परकं वाटायला नको.

आणि ती 'चादर' म्हणजे रोमन सम्राटाचा पोशाख. ही कमान घडली ती रोममधल्या सम्राट तीतुसच्या कमानीकडे बघून. इसवीसन 81 च्या सुमाराची ती कमान, एकच दरवाजा, कमानीच्या खांद्यातल्या तिकोनी जागांत उडणाऱ्या विजयदेवता, आणि आतल्या भिंतीवर रथातल्या तीतुसला विजयदेवता माळ घालते आहे. पॅरिसच्या कमानीच्या त्याच तिकोनी जागांत प्रादिए या शिल्पकाराने कर्णे घेतलेल्या पंखवाल्या बायका बसवल्या आहेत. नेपोलियनला सैनिकी कोट आणि टोपीत दाखवलं असतं तर तो एक सेनापती झाला असता. रोमन पोशाख चढवला की तो सीझरच्या रांगेत जाऊन बसतो. हे त्याला स्वतःलाही नेहमी मानवायचं असं नाही. कानोव्हासारख्या थोर शिल्पकाराने त्याचा मंगळदेवाच्या, म्हणजे रोमन युद्धदेव मार्सच्या रूपातला, साडेतीन मीटरच्या आसपास उंच, विवस्त्र संगमरवरी पुतळा केला, तर तो याने लोकांना दाखवूच दिला नाही. वॉटर्लूच्या पराभवानंतर ब्रिटिश सरकारने तो विकत घेऊन वेलिंग्टनला दिला आणि आजही तो लंडनमध्ये वेलिंग्टनच्या घरी जिन्यापाशी उभा आहे. ज्याने हरवलं त्याच्या जिन्याखाली! शिल्पांचं नशीब असंही असतं.

आता शिल्पकार म्हणून खरं सांगतो. झाँ-पिएर कोर्तोचं हे 1810 चं शिल्प मला थंड वाटतं. चूक काहीच नाही. शरीरशास्त्र बरोबर, वस्त्रांच्या चुण्या बरोबर, सगळी प्रतीकं आपापल्या जागी. पण प्रत्येक जण आपापलं काम करतो आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या झांकीसारखा. माळ घालणारी माळ घालते, लिहिणारी लिहिते, मधला उभा आहे. प्रतीकं वाचता येतात, पण वाचून झालं की पुन्हा बघावंसं वाटत नाही. सगळ्या कमानीवर सम्राटाचं जे सर्वांत मोठं चित्रण आहे, तेच मला तिथलं सर्वांत अशक्त शिल्प वाटतं.

त्याच्या शेजारचं, म्हणजे शाँझेलिझेकडून पाहताना उजव्या पायावरचं, तुम्हाला ओरडणारी बाई दिसली ते. फ्रान्स्वा र्‍यूदचं. अधिकृत नाव 'स्वयंसेवकांचं प्रस्थान, 1792', पण सगळे त्याला 'मार्सेयेज' म्हणतात, राष्ट्रगीताच्या नावाने. 1792 मध्ये फ्रान्सने ऑस्ट्रियाशी युद्ध पुकारलं, प्रशियाही उतरला, जुलैमध्ये 'मायभूमी संकटात आहे' अशी घोषणा झाली आणि गावोगावची साधी माणसं सीमेकडे निघाली. ते गीतही त्याच वर्षी लिहिलं गेलं. वर आहे ती स्वातंत्र्याची, मातृभूमीची, युद्धाची मूर्ती. काही म्हणा, अभ्यासकांतही नावाबद्दल एकमत नाही आणि मला त्याने फरक पडत नाही. तिच्या उजव्या हातात तलवार आहे, डावा हात वर फेकलेला, पाय कैचीसारखे फाकलेले, आणि ती मागे वळून ओरडते आहे: चला!

हे शिल्प जवळून कसं बघायचं ते सांगतो. समूहाची उंची सुमारे 12 मीटर, म्हणजे आपल्याकडच्या चार मजल्यांएवढी. र्‍यूदने त्याचे दोन थर केले. खाली माणसांची दाट रांग: मध्ये दाढीवाला प्रौढ योद्धा शिरस्त्राण उंचावतो आहे, त्याच्या कुशीत एक विवस्त्र कोवळा पोरगा, आजूबाजूला म्हातारे, धनुष्य, ढाली, मागे घोडा आणि झेंडे. हा थर जवळजवळ आडवा आहे, माणसं एकमेकांना खेटून, पावलं एका दिशेला. आणि वरच्या अर्ध्या भागात फक्त ती, तिरकी. खालच्या आडव्या गर्दीवर ही तिरकी रेघ पडली की सगळा दगड डावीकडे सरकतोय असं वाटायला लागतं. कमानीचा पाय एवढा जड, चौकोनी, हलायला तयार नसलेला. त्याच्यावर चालती माणसं बसवणं म्हणजे काय, हे ज्याने कधी आर्मेचर, म्हणजे मातीच्या आतला आधाराचा सांगाडा, बांधलंय त्याला विचारा.

तिचं तोंड बघा. दगडात उघडं तोंड करणं ही धोक्याची गोष्ट आहे, जांभई वाटते किंवा दातदुखी. यात वाचवतो तो अंधार. तोंडाची पोकळी आत खोलवर कोरलेली, भुवया पुढे ओढलेल्या, डोळ्यांच्या खोबणी खोल. त्यामुळे खालून, तीस-चाळीस पावलांवरून, ओठ दिसत नाहीत, सावली दिसते, आणि ती सावलीच ओरडते. मातीचं मॉडेल डोळ्यासमोर ठेवून केलं तर असं तोंड विद्रूप दिसतं. मॉडेल वर टांगून, खालून बघून करावं लागतं. आमच्याकडे विद्यार्थी पहिल्यांदा उंच चौथऱ्याचा पुतळा करतात तेव्हा हमखास चेहरा छान गोड करतात आणि वर चढवल्यावर तो पुसला जातो. असं सांगतात की चेहऱ्यासाठी र्‍यूदने आपल्या बायकोला, सोफीला समोर उभं केलं आणि "अजून मोठ्याने ओरड" म्हणून सांगत राहिला. खरं-खोटं देव जाणे, पण सोफी स्वतः चित्रकार होती, तिने ऐकून घेतलं असेल.

आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल: यात 1792 चा एकही गणवेश नाही. ना बंदूक ना तोफ. सगळे जुन्या गॉल आणि रोमन योद्ध्यांच्या वेशात किंवा उघडे. कोर्तोने रोमन पोशाख वापरला तो एका माणसाला इतरांहून वर उचलायला. र्‍यूदने तीच युक्ती उलटी वापरली. गणवेश काढून घेतला की हुद्दा जातो. कोण सुभेदार, कोण शिपाई, कळत नाही. आपल्या घाटावर गावागावात वीरगळ उभे आहेत. खालच्या थरात लढाई आणि पडलेला वीर, मधल्या थरात त्याला घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यातला वीर बहुतेक वेळा कोण होता हे आज कुणालाच माहीत नसतं. र्‍यूदच्या माणसांशी माझं नातं जुळतं ते तिथून. फक्त वीरगळात अप्सरा वीर मेल्यानंतर येतात, इथे पंखवाली मरायला जाण्याआधीच आली आहे.

आता मेलेल्या मुलाकडे येऊ, पण त्यासाठी कमान कुणी बांधली हे सांगायला हवं. डिसेंबर 1805 मध्ये ऑस्टरलिट्झला जिंकल्यावर फेब्रुवारी 1806 मध्ये नेपोलियनने हुकूम काढला, 15 ऑगस्टला, आपल्या वाढदिवशी, पायाभरणी. वास्तुकार शालग्रँ. काम इतकं मोठं की 1810 मध्ये नवी नवरी पॅरिसमध्ये येणार तेव्हा पाय जेमतेम जमिनीच्या वर आले होते. मग लाकूड आणि कापडाची पूर्ण उंचीची खोटी कमान उभी केली आणि वरात तिच्याखालून नेली. आमच्या धंद्यात मंत्र्याच्या तारखेसाठी प्लास्टरला ब्राँझचा रंग मारून पुतळा उभा करतात, त्याचा हा पणजोबा. 1811 मध्ये शालग्रँ गेला, 1814 मध्ये साम्राज्य गेलं, काम बंद. जुने बुर्बों राजे परत आले. त्यांनी 1823 च्या स्पेनच्या मोहिमेच्या नावाने पुन्हा काम काढलं. 1830 मध्ये क्रांती होऊन तेही गेले आणि लुई फिलिप आला. 29 जुलै 1836 ला उद्घाटन झालं ते त्याच्या राजवटीत. तीस वर्षं, तीन राजवटी.

मी एकदा एका गावासाठी अश्वारूढ पुतळा घेतला होता. समितीत अकरा माणसं. पहिल्या भेटीत घोड्याचा पुढचा पाय वर हवा होता, दुसऱ्या भेटीत खाली. मध्ये निवडणूक झाली, समिती बदलली, आणि चौथऱ्याच्या उठावशिल्पातली दोन माणसं काढून दुसरी दोन घाला असा निरोप आला. मातीचं काम तीनदा फोडलं. पैसे एकदाचेच मिळाले. तेव्हापासून कुठलंही स्मारक बघताना मी आधी विचारतो, हे सुरू कुणी केलं आणि पूर्ण कुणी केलं?

लुई फिलिपची अडचण अशी की त्याला प्रजासत्ताकवाले, नेपोलियनवाले आणि राजेशाहीवाले तिघांनाही थोडंथोडं खूश ठेवायचं होतं. 1833 मध्ये त्याचा मंत्री तिएर याने शिल्पांची कामं वाटली. एका वेळी चारही समूह र्‍यूद करणार असा विचार होता, त्याची रेखाटनंही आहेत. शेवटी त्याच्या वाट्याला एकच आला. पुढच्या बाजूचा दुसरा कोर्तोला, आणि मागच्या बाजूचे दोन आंत्वान एतेक्स या पंचविशीतल्या पोराला. विषय असे ठरले: 1792 चं प्रस्थान, 1810 चा विजय, 1814 चा प्रतिकार, 1815 ची शांतता. हे चार आकडे ओळीने वाचा. 1792 म्हणजे प्रजासत्ताकाची सुरुवात. 1810 म्हणजे साम्राज्याचा कळस. 1814 मध्ये शत्रूच्या फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. 1815 म्हणजे वॉटर्लू. एका सम्राटाने एका विजयासाठी मागवलेल्या कमानीवर, तो गेल्यावर, त्याच्याच पराभवाची दोन वर्षं कोरली गेली, आणि पराभवाला नाव दिलं 'शांतता'. त्या वेळी पराभूत फ्रान्समध्ये परक्या फौजा तळ देऊन बसलेल्या होत्या.

म्हणून ते मेलेलं मूल तिथे आहे. एतेक्सच्या 'प्रतिकारा'त मध्ये विवस्त्र तरुण उभा आहे, लढायला निघालेला. म्हातारा बाप त्याच्या पायाला मिठी मारून बसलाय, दुसऱ्या बाजूला बायको, तिच्या हातात गेलेलं मूल. मागे घोड्यावरून कोसळणारा जखमी स्वार. वर पंख पसरलेला भविष्याचा देवदूत, जा म्हणणारा. र्‍यूदची पंखवाली पुढे खेचते. इथे वरचा पुढे ढकलतो आणि खालचे दोघे मागे ओढतात. त्या तरुणाच्या पायात जो ताण आहे तो याच दोन ओढींचा आहे, आणि एतेक्सने ते चांगलं जमवलं आहे. वरचा देवदूत मात्र मला जरा नाटकी वाटतो. शेजारच्या 'शांतते'त शिपाई तलवार म्यान करतो आहे, एक माणूस बैलाला वेसण घालतो आहे, आई पोराला घेऊन बसली आहे, आणि या सगळ्यांच्या मागे शिरस्त्राण घातलेली मिनर्व्हा. शांततेच्या देखाव्यातही राखणीला युद्धविद्येची देवी लागतेच. बैल मात्र सुरेख आहे. खांद्याचा उतार बघा, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला माणूस लगेच ओळखेल.

पर्यटक या दोन शिल्पांकडे फारसे जातच नाहीत, कारण ती मागच्या तोंडावर आहेत. शिवाय प्रकाशाचं गणित आहे. र्‍यूद आणि कोर्तो पूर्वेला, त्यांना सकाळचं ऊन मिळतं. एतेक्स पश्चिमेला. दुपारी बाराला गेलात तर चारही सपाट दिसतील. पुन्हा गेलात तर सकाळी पुढून आणि संध्याकाळी मागून बघा. खोल कोरलेल्या कामाला तिरपं ऊन लागतं.

माथ्यावरचं सपाट छत बघून काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं असेल तर बरोबर वाटलं. तिथे रथ बसवायचा विचार अनेकदा झाला. 1882 मध्ये फालगिएरने क्रांतीच्या विजयाचा चार घोड्यांचा रथ प्लास्टरमध्ये पूर्ण आकारात करून वर चढवलाही. ब्राँझला मंजुरी येईपर्यंत पॅरिसचा पाऊस थांबणार होता थोडाच. 1886 मध्ये ढासळलेला तो सांगाडा खाली उतरवला. तेव्हापासून माथा मोकळा.

तलवारीचीही एक गोष्ट तिथे ऐकायला मिळते: फेब्रुवारी 1916 मध्ये पहिल्या महायुद्धातली वर्दांची लढाई पेटली त्याच दिवशी र्‍यूदच्या बाईच्या हातातली तलवार तुटून पडली, आणि अपशकुन नको म्हणून शिल्पावर ताडपत्री टाकली. दगडी तलवार पातळ, पुढे काढलेली, वाऱ्यापावसात ती तुटणारच होती कधीतरी. तारीख लोकांनी जुळवून घेतली असावी. 1 डिसेंबर 2018 च्या पिवळ्या जाकिटवाल्यांच्या सरकारविरोधी आंदोलनात मात्र खरंच तिच्या चेहऱ्याला भोक पडलं. ते दगडाच्या मूळ शिल्पाला नव्हे, कमानीच्या आतल्या संग्रहालयात ठेवलेल्या प्लास्टरच्या प्रतीला. जगभर फोटो गेले, अर्धा गाल उडालेला आणि आतली पोकळी दिसणारी. साच्यातून काढलेलं प्लास्टर आतून पोकळच असतं, पण लोकांना ते बघून धक्का बसला. ज्यांनी फोडलं तेही रस्त्यावर तेच गीत म्हणत होते, हा भाग वेगळा.

आता तुम्ही मुंबईचे आहात म्हणून एक धागा देतो. कमानीवर मोठ्या समूहांच्या वरच्या पातळीला, चारही बाजूंना मिळून सहा आयताकृती उठावशिल्पं आहेत, त्यातलं जेमापच्या लढाईचं शिल्प कार्लो मारोकेत्तीचं. हाच माणूस पुढे लंडनला गेला. 1857 मध्ये कानपूरच्या ज्या विहिरीत मारल्या गेलेल्या इंग्रज बायका-मुलांचे मृतदेह टाकले, तिच्यावर इंग्रजांनी नंतर जो देवदूत उभा केला, छातीवर हात आणि हातात खजुरीच्या फांद्या, तो याचाच. आता तो तिथल्या ऑल सोल्स चर्चच्या आवारात आहे. खजुरीची फांदी विजयाची आणि हौतात्म्याची दोन्हीची खूण, आणि इंग्रजांनी ती कुणाच्या हौतात्म्यासाठी वापरली आणि कुणाच्या नाही, ते तिथे उभं राहिलं की लक्षात येतं. आणि आपल्या टाऊन हॉलमध्ये, एशियाटिकच्या इमारतीत, सर जमशेटजी जीजीभॉय यांचा संगमरवरी पुतळा आहे तोही मारोकेत्तीचा. ज्यांच्या नावाच्या आर्ट स्कूलमधून आम्ही बाहेर पडलो ते जमशेटजी. तिथे ना पंख, ना कर्णा, ना गुडघे टेकलेलं कुणी. खुर्चीत बसलेला एक पारशी गृहस्थ. युद्धाचे देखावे कोरणाऱ्या हाताने केलेलं हे शांत काम मुद्दाम बघून या.

तिथून चालत सीएसएमटीला जा आणि फाटकाच्या दोन खांबांवरचा सिंह आणि वाघ बघा. सिंह इंग्लंड, वाघ हिंदुस्थान. वर सांगितलेल्या रीतीने वाचा: कोण कुठे बघतो, कुणाचा पंजा कसा ठेवलाय, दोघांची उंची सारखी का ठेवली असेल. फक्त संध्याकाळी साडेसहाला जाऊ नका. तिथे मान वर करून उभं राहिलात तर गर्दी तुम्हाला थेट कर्जत लोकलमध्ये नेऊन बसवेल.